रोट घराबाहेर जात नाही

कानबाईच्या आदल्या दिवशी
मी मिरचीचं कांडप बंद ठेवते.
गिरणी धुते, पट्टा पुसते, दगड उघडून
कालच्या ज्वारीचा कण न् कण काढते.
मग बायकांचे डबे ओळीनं. खाणारी तोंडं मोजून, वर सव्वा.
दोंडाईच्यात वर्षभर हवाच तिखट,
त्या एका दिवशी आमच्या गल्लीत कोणी शिंकत नाही.

आता थंडीत नगरपालिकेचं आलंय.

गोकुळअप्पा माणूस देवाचा. खोटं नाही सांगत.
कानबाईची गाणी म्हणताना त्याचे डोळे भरतात,
मोबाइल कोणी धरलेला नसतानाही मी पाहिलंय.
पाच वर्षं निवडून होता,
गटारीवर झाकण बसलं नाही.
विचारलं तर हात वर करतो,
"माय, तिनी इच्छा."

दुसरा भटू ठेकेदार.
देवळात जातो तो खांबाची जाडी मोजायला.
टक्का खातो, हेही खोटं नाही.
पण झिपाबाईच्या सुनेला रात्री दोनला कळा लागल्या
तेव्हा धुळ्याला गाडी त्याची गेली.
डिझेलचं विचारलं नाही,
नंतर चौकात सांगितलंही नाही.
सांगितलं ते झिपाबाईनं.

शुक्रवारी अप्पाची माणसं आली.
अप्पा पाकीट वाटत नाही.
त्यांनी देव्हाऱ्यातला नारळ मागितला,
नथ घातलेला, डोळे काढलेला,
सासूच्या सासूपासून चालत आलेला.
नवऱ्यानं त्यावर हात ठेवला,
"आमना घरना चारी मत अप्पालेच."
माझे हात पिठात होते.
कोणी म्हणालं नाही, वहिनी, धुऊन या.

रात्री सगळे निजल्यावर मी तिच्यापुढे बसले.
आई, शपथ त्याची, की माझीपण?
आणि मोडली तर तू कोणावर कोपशील,
मोडणारीवर,
की ज्यांनी तुला मतासाठी साक्षीला ओढलं त्यांच्यावर?
ती बोलली नाही. ती बोलत नाही, दाखवते.
म्हणून तर भीती.

पहाटे रोट आठवला.
रोट कुळाबाहेर जात नाही.
उरला तर पुरतो आम्ही,
पण शेजारच्या लेकराला कोरही देत नाही.
हा नियम मी मोडला नाही, मोडणारही नाही.
पण गटार?
गटार आमच्या दारातून निघते,
पिंजाऱ्यांच्या ओट्याखालून जाते,
भिलाटीत जाऊन तुंबते.
तिथली पोरं आमचा रोट कधी खाणार नाहीत,
आमचं पाणी मात्र रोज तुडवतात.
मत काही घरातल्या घरात खाऊन संपत नाही.

नवऱ्याला सांगितलं.
तो म्हणाला, "तू देवले शिकाडी ऱ्हायनी का?"
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.
अप्पा पडला तर रस्त्यात समोर येईल, तेच भरले डोळे घेऊन.
भटू आला तर पहिल्याच महिन्यात टक्का खाईल,
आणि त्यात माझंही एक बोट असेल.

शाळेत रांग होती.
अर्ध्या वाटेवर कळलं, चपला घरीच राहिल्या.
पुठ्ठ्याच्या आडोशाला हात आपोआप जोडले गेले.
मास्तर ओरडला, "मावशी, नमस्कार नको, बटण दाबा."
दाबलं.
लांब शिट्टी वाजली.

दुपारी अप्पाची बहीण बाजरी घेऊन आली.
माझ्या बोटाकडे बघत म्हणाली,
"शब्द पाया ना, वहिनी?"
मी पट्टा चढवला. गिरणीचा आवाज मोठा असतो.

तिचं पीठ त्या दिवशी मी
नेहमीपेक्षा बारीक दळलं.